‘अडाणी जनता’ आणि हाफकिनची सुई

दर पावसाळ्यात फ्लूची साथ येते, डॉक्टर लस घ्यायला सांगतात, लोक ते कानाआड करतात. आणि मग एक ठरलेले वाक्य समाजमाध्यमांवर फिरू लागते : ‘आपली जनता १८९७ मध्येही अडाणी होती, आजही आहे.’ पुरावा म्हणून प्लेगच्या काळातील मुंबई-पुण्याचा दाखला दिला जातो. हा धागा त्या दाखल्याची तपासणी करणारा आहे, कारण तो चुकीचा आहे आणि तरीही सुशिक्षित माणसे तो मोठ्या आत्मविश्वासाने देतात.

आधी तारखा पाहू. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्ण पाहून डॉ. आकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या वैद्याने प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरमध्ये मुंबई पालिकेने रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचे अधिकार हाती घेतले. त्याच महिन्याच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर चाल केली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. पुण्यात रँडच्या प्लेग समितीखाली गोरे सोजीर घरोघर शिरून झडत्या घेऊ लागले; देवघरे, माजघरे, काहीच सुटले नाही. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

आता या घटनाक्रमात लस कोठे आहे? कोठेच नाही. आर्थर रोडवर दगड पडले तेव्हा प्लेगची लस अस्तित्वातच नव्हती. वाल्डेमार हाफकिन तेव्हा नुकता कोलकात्याहून मुंबईस आला होता आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत व व्हरांड्यात प्लेगचे जंतू वाढवत होता. स्वतःच्या शरीरावर त्याने ती लस टोचून घेतली ती १० जानेवारी १८९७ रोजी. पुण्यातील संताप झडती, विलगीकरण आणि सामानाची जाळपोळ यांविरुद्ध होता. जे निर्माणच झाले नव्हते त्याला लोकांनी नाकारले, असे सांगणाऱ्या इतिहासाला इतिहास कसे म्हणावे?

लस उपलब्ध झाल्यावर काय घडले, हे खरे पाहण्यासारखे आहे. भायखळ्याच्या तुरुंगात जानेवारीअखेर पहिली मोठी चाचणी झाली. न टोचलेल्या कैद्यांपैकी बारा जणांना प्लेग झाला आणि सहा मेले; टोचलेल्यांपैकी दोघांनाच झाला आणि कोणीही दगावले नाही. (हे कैदी ‘स्वेच्छेने’ पुढे आले, असे कागदोपत्री म्हटले आहे. तुरुंगाच्या भिंतीआड स्वेच्छा या शब्दाला किती वजन असते, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही.) त्यानंतर अवघ्या एकोणीस वर्षांच्या आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः टोचून घेतले, हाफकिनला प्रयोगशाळेसाठी वास्तू देऊ केली, आणि खोजा समाजातील हजारो माणसे पुढे आली. पोर्तुगीजांच्या ताब्यातील दमणमध्ये त्याच वर्षी २,१९७ लोकांनी लस घेतली; त्यांपैकी ३६ मेले. न घेतलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२ मेले. पुढील वर्षी हुबळीत गावाच्या फार मोठ्या भागाने टोचून घेतले. टोचलेल्यांना विलगीकरणाच्या जाचातून मिळणारी सवलतही त्यामागे होती.

आणि बडोद्याजवळचे उंढेरा. फेब्रुवारी १८९८ मध्ये तेथे प्रत्येक घरातील सुमारे निम्म्या माणसांना लस दिली गेली व उरलेल्यांना वगळले गेले. टोचलेल्या ७१ जणांपैकी तिघे मृत्यू पावले, न टोचलेल्या ६४ जणांपैकी २६. एकाच चुलीवर जेवणारी, एकाच ओसरीवर झोपणारी माणसे. आजच्या नीतिनियमांनुसार असा प्रयोग कोणी करू धजणार नाही. परंतु ज्या खेड्याने आपली निम्मी माणसे एका परक्या वैद्याच्या सुईपुढे उभी केली, त्याला ‘लसद्वेष्टे’ म्हणणे म्हणजे पुराव्याकडे पाठ फिरवणे होय.

अफवा होत्या, हे नाकारण्याचे कारण नाही. रुग्णालयात माणसाला उलटे टांगून त्याच्या शरीरातून ‘मोमियाई’ काढतात, सुई गजभर लांब असते, टोचल्यावर पुरुषत्व जाते : हे सारे बोलले जात होते. पण या अफवांचा रोख पाहा. त्या सरकार माणसाच्या देहाचे काय करते, याविषयी आहेत. ज्याच्या आईला शिपाई पालखीत घालून घेऊन गेले आणि ती परतली नाही, त्याला मोमियाईची कथा वेडगळ वाटली नसेल. शिवाय हाफकिनची मूळ लस घेतली की कडक ताप येत असे, दंड सुजे. रोजंदारीवरच्या माणसाचे एकदोन दिवस बुडत आणि ती मजुरी कोणी भरून देत नसे. या हिशेबाला अंधश्रद्धा म्हणत नाहीत.

मराठी भाषेचीच साक्ष काढायची तर लोकांनी देवीच्या लसीकरणाला ‘देवी काढणे’ असे नाव दिले आणि ते देवीच्याच घरात बसवले. श्रद्धा आणि सुई यांचे वैर अटळ असते, तर हा शब्दप्रयोग रुजलाच नसता.

दुसऱ्या बाजूचे वीरही आहेत. त्यांच्या मते लस नाकारणे हेच तेव्हाचे राष्ट्रकार्य होते आणि आज फ्लूची लस टाळणारा चापेकरांचा वारस ठरतो. चापेकरांची पिस्तुले सुईवर रोखलेली नव्हती. त्यांच्या नावाने स्वतःच्या कंटाळ्याला हौतात्म्याचा टिळा लावणे हे अडाणीपणाच्या आरोपाहूनही ओंगळ आहे.

मग विश्वास मोडला कोठे? ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी ५३-एन या एकाच कुपीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मेले. बाकीच्यांना काहीही झाले नाही. त्या दिवशी कुपी उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करता वापरला गेला होता. तरीही चौकशी आयोगाने दोष परळच्या प्रयोगशाळेवर टाकला. हाफकिनचे संचालकपद गेले. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी ‘द टाइम्स’मध्ये पत्र प्रसिद्ध करून त्याच्यावरील कलंकाला जाहीर आव्हान दिले, तोवर जवळजवळ पाच वर्षे लोटली होती. या पाच वर्षांत गावोगावच्या लोकांपर्यंत पोहोचले ते एवढेच : सुईने एकोणीस माणसे मेली. सत्य काय ते सांगण्याची घाई सरकारला नव्हती.

फ्लूची गोष्ट निराळी, तरी ताळा जमतो. ऑगस्ट २००९ मध्ये देशातील स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, तेव्हा तपासणीसाठी नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या होत्या. लस मागणारे लोक होते, लस नव्हती. २०१० मध्ये पुण्यातच नाकात फवारायची देशी लस तयार झाली, तोवर भीती ओसरली होती. आज ही लस प्रौढांना सरकारी कार्यक्रमात सरसकट मोफत मिळत नाही. विषाणू रूप पालटतो म्हणून दरवर्षी घ्यावी लागते. ती प्रत्येक वर्षी सारखीच गुणकारी ठरत नाही, आणि तरीही वृद्ध, गरोदर स्त्रिया व दमेकऱ्यांना गंभीर आजारापासून वाचवते. ही चारही वाक्ये एकत्र सांगणारा फलक किती दवाखान्यांत दिसतो?

१९०७ च्या अखेरीस हाफकिन भारतात परतला. त्याला मुंबईची प्रयोगशाळा मिळाली नाही. रवानगी कोलकात्यास झाली. परळच्या त्या संस्थेला त्याचे नाव लागले १९२५ मध्ये. तो परतला त्या एका वर्षात हिंदुस्थानात प्लेगने तेरा लाखांहून अधिक माणसे मेली होती, आणि त्यांतील फार मोठा वाटा पंजाबचा होता.