चोर सोडून संन्याशाला सुळी : ‘प्लास्टिकच्या रायफली’वरचा खोटा खटला

१/
व्हिएतनाम युद्धाविषयी एक कथा समाजमाध्यमांवर वर्षानुवर्षे फिरते आहे. अमेरिकेने आपल्या सैनिकांच्या हातातील पोलाद-लाकडाची भक्कम रायफल काढून घेतली आणि प्लास्टिकचे खेळणे दिले. ते ऐन लढाईत अडकले आणि कोवळी पोरे हकनाक मेली. कथेतील मृत्यू खरे आहेत. आरोपी मात्र खोटा आहे. हा धागा त्या खोट्या आरोपीविषयी आणि त्याच्या आड सुखरूप राहिलेल्यांविषयी.

२/
प्रथम आरोपीची ओळख. एम-१६ चे मूळ नाव एआर-१५. ती घडली कॅलिफोर्नियातील हॉलिवूड येथील आर्मालाइट या छोट्या संस्थेत. १९५४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था फेअरचाइल्ड या विमान कंपनीची शाखा होती. विमान बांधणाऱ्याला प्रत्येक ग्रॅमचा हिशेब द्यावा लागतो. तोच हिशेब यूजीन स्टोनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रायफलीला लावला. १९५९ मध्ये आर्मालाइटने तिचे हक्क कोल्ट कंपनीला विकले.

३/
या रायफलीत प्लास्टिक नेमके कुठे होते? दस्ता, पकडमूठ आणि नळीभोवतीचे हाताचे आवरण, एवढ्याच ठिकाणी. लोअर रिसीव्हर, म्हणजे चाप, मॅगझिन आणि पकडमूठ यांना धरून ठेवणारा खालचा सांगाडा, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा होता. नळी व बोल्ट पोलादाचे. ‘प्लास्टिकची रायफल’ हे वर्णनच मुळात चुकीचे आहे; आरोपपत्राच्या पहिल्याच ओळीत खोट आहे.

४/
‘ही बंदूक मॅटेल या खेळणी-कंपनीने बनवली’ ही त्या कथेची लाडकी उपकथा. मॅटेलने एम-१६ चा एकही भाग सैन्यासाठी बनवला नाही. तिने १९६० च्या दशकात मुलांसाठी ‘मरॉडर’ नावाचे हुबेहूब खेळणे काढले, इतकेच. सैनिकांच्या उपहासातून निघालेला विनोद पुढे ‘माहिती’ म्हणून छापला जाऊ लागला. अफवेचे साधन बनते ते असे.

५/
‘हलकेपणा हीच चूक होती’ हा दुसरा आरोप. आकडे पाहावेत. आधीची एम-१४ रिकामी सुमारे ४.२ किलो; एआर-१५ सुमारे २.९ किलो. एम-१४ चे एक काडतूस सुमारे २४ ग्रॅम, एआर-१५ चे सुमारे १२. शंभर काडतुसांमागे सव्वा किलोचा फरक. दमट जंगलात दिवसचे दिवस चालणाऱ्या माणसासाठी हा फरक चैनीचा नव्हे. तितक्याच ओझ्यात दुप्पट काडतुसे, असा त्याचा अर्थ होतो.

६/
आणि हे केवळ कागदी गणित नव्हते. १९६२ मध्ये ‘प्रोजेक्ट एजाइल’ या उपक्रमाखाली १,००० एआर-१५ रायफली दक्षिण व्हिएतनाममध्ये पाठवण्यात आल्या. तीच भूमी, तोच चिखल, तोच पाऊस. अहवाल अत्यंत अनुकूल आला. तेव्हाही दस्ता प्लास्टिकचाच होता. मग १९६२ मध्ये चालणारी रायफल १९६६-६७ मध्ये का अडकू लागली? खऱ्या तपासाची सुरुवात या प्रश्नापासून व्हायला हवी.

७/
दरम्यान बदलले काय? दारू. मूळ रचना ड्यूपाँच्या नळीदार दाण्यांच्या दारूवर बेतलेली होती. १९६४ मध्ये ऑलिन मॅथिसनची गोल दाण्यांची दारू वापरात आली. ठरलेला वेग व दाब गाठण्यासाठी लष्कराला ती सोयीची वाटली. परंतु तिने गोळीबाराची गती रचनेच्या मर्यादेपलीकडे नेली आणि यंत्रणेत काजळी अधिक साठू लागली. निर्णय झाल्यानंतर स्टोनर यांचे मत विचारले गेले.

८/
यापुढचा तपशील संतापजनक आहे. नव्या दारूच्या काडतुसांनी रायफली कारखान्यातील गतीच्या चाचणीत बसत नाहीत, हे कोल्टने कळवले. यावर उपाय काय निघाला? चाचणीसाठी जुन्या धर्तीच्या दारूची काडतुसे वापरण्याची मुभा! कारखान्यात एका दारूवर रायफल उत्तीर्ण होई. व्हिएतनाममध्ये सैनिकाला मुख्यतः दुसऱ्या दारूची काडतुसे मिळत.

९/
दुसरी बाब क्रोमच्या मुलाम्याची. काडतूस बसते त्या चेंबरला क्रोमचा मुलामा दिला की गंज धरत नाही. एम-१४ ला तो होता. पॅसिफिकमधील दमट हवेचा अनुभव लष्कराच्या गाठीशी होता. तरीही एम-१६ च्या चेंबरला मुलामा नव्हता. बोल्ट हाताने पुढे ढकलण्याची एक कळ मात्र लष्कराने आग्रहाने बसवून घेतली. स्टोनर आणि हवाई दल या दोघांनाही ती अनावश्यक वाटत होती.

१०/
तिसरी बाब साफसफाईची. ‘या रायफलीला फारशी निगा लागत नाही’ असा समज सैन्यात पसरला होता. सफाईचे गज, ब्रश आणि योग्य वंगण पुरेशा संख्येने पोहोचलेच नाहीत. गंजलेल्या चेंबरमध्ये काडतुसाची रिकामी पुंगळी घट्ट अडके. गज नळीत घालून ती ठोकून काढावी लागे, आणि गजच नसे. येथे प्लास्टिकचा संबंध कुठे आला?

११/
१९६७ च्या एप्रिल-मे महिन्यांत खे सानभोवतीच्या टेकड्यांवर मरीन सैनिक लढले, तेव्हा या सर्व निर्णयांची किंमत एकदम वसूल झाली. मेलेल्यांच्या शेजारी उघडलेल्या, अडकलेल्या रायफली सापडल्याचे वर्णन करणारे एका सैनिकाचे पत्र वृत्तपत्रांत आले आणि अमेरिकी संसदेपर्यंत पोहोचले. त्याच वर्षी रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय उपसमितीने चौकशी केली.

१२/
ऑक्टोबर १९६७ मधील त्या उपसमितीच्या अहवालाचा रोख प्लास्टिकवर नव्हता. पुरेशा चाचणीविना दारू बदलणे ही त्याने गंभीर चूक ठरवली, आणि दोष कळूनही ते दूर करण्यात लष्कराने केलेली हयगय गुन्हेगारी निष्काळजीपणाच्या काठावर जाते, असा अभिप्राय दिला. हा अहवाल उपलब्ध आहे. ‘प्लास्टिकने सैनिक मारले’ असे लिहिणाऱ्यांनी तो उघडण्याचे कष्ट घेतलेले दिसत नाहीत.

१३/
निर्णायक पुरावा पुढचा. रायफल दुरुस्त झाली ती कशी? गोळीबाराची गती आवरणारा नवा बफर आला. चेंबरला क्रोमचा मुलामा आला. दारूतील काजळी धरणारा घटक कमी केला गेला. सफाईचे साहित्य पोहोचले. १९६८ मध्ये विल आयस्नर या विख्यात चित्रकाराकडून निगेची चित्रमय पुस्तिका काढून घेतली गेली. तक्रारी ओसरल्या. दस्ता आणि मूठ प्लास्टिकचीच राहिली! प्लास्टिक जागच्या जागी राहून रोग बरा होत असेल, तर रोगाचे मूळ प्लास्टिकमध्ये नव्हते.

१४/
हलके साहित्य नेहमीच निर्दोष असते, असा याचा अर्थ नव्हे. आर्मालाइटचीच आधीची एआर-१० रायफल १९५७ च्या सरकारी चाचणीत नापास झाली. ॲल्युमिनियम आणि पोलाद यांची मिश्र नळी तिला बसवली होती, ती फुटली. अशा नळीला स्टोनर यांचा विरोध होता. आग्रह संस्थेचे प्रमुख जॉर्ज सलिव्हन यांचा होता. येथेही निर्णय घेणारा माणूस सापडतोच. साहित्य आपण होऊन नळीत जाऊन बसत नाही.

१५/
ज्या वर्षी एआर-१५ कोल्टकडे गेली, त्याच १९५९ मध्ये रेमिंग्टनने ‘नायलॉन ६६’ बाजारात आणली. लहान काडतुसाची ही रायफल. तिचा दस्ता आणि रिसीव्हरचा सांगाडा ड्यूपाँच्या नायलॉनचा. जाहिरातीसाठी टॉम फ्राय यांनी हवेत फेकलेल्या १,००,०१० लाकडी ठोकळ्यांवर तिच्यासह नेम धरला आणि केवळ ६ चुकवले. दहा लाखांहून अधिक नग विकले गेले. तरी ‘प्लास्टिक म्हणजे तकलादू’ हा ग्रह हलला नाही.

१६/
१९७० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या लष्कराने स्टायरची पॉलिमर आवरणाची रायफल स्वीकारली, १९८२ मध्ये ग्लॉक पिस्तूल. अमेरिकेत लगेच ओरड झाली की ग्लॉक विमानतळाच्या तपासणीत दिसणारच नाही. वस्तुतः तिचे बहुतांश वजन पोलादाचे आहे. पुढे तीच ग्लॉक अमेरिकी पोलिसांच्या कमरेला सर्रास दिसू लागली. भीतीची जागा सवयीने घेतली; चूक कबूल कोणी केली नाही.

१७/
आता लोअर रिसीव्हरकडे. एआर-१५ च्या लोअर रिसीव्हरच्या मागे एक पातळ कडे असते. त्यात बफरची नळी बसते आणि तिच्यावर दस्ता. ॲल्युमिनियमसाठी आखलेला हा आकार जसाच्या तसा प्लास्टिकमध्ये उतरवला की तडा बहुधा त्या कड्यापाशी जातो. अशी स्वस्त नक्कल मोडली की पुन्हा तोच निकाल लावला जातो: प्लास्टिक वाईट! वस्तुतः धातूसाठीची आकृती प्लास्टिकवर लादणाऱ्याचा तो दोष आहे.

१८/
ॲरिझोनातील कॅव्हलरी आर्म्सने सीएव्ही-१५ मध्ये वेगळा मार्ग घेतला. रिसीव्हर, मूठ आणि दस्ता एकाच अखंड पॉलिमर अंगात आणले. दुबळा सांधाच उरला नाही. साच्यातून काढलेले दोन अर्धे भाग एकमेकांना जोडून ते अंग तयार होई. ‘स्टोनर यांनी आज काय केले असते?’ हा प्रश्न घेऊन निघालेल्या प्रकल्पातून २०२० मध्ये केई आर्म्सची केपी-१५ आली. ती काचतंतुमिश्रित नायलॉनची, एकसंध ओतलेली. विमानकारांचा १९५० च्या दशकातील हिशेबच येथे पुढे नेला आहे.

१९/
हा विषय परदेशापुरता नाही. इन्सास रायफलीची रचना पुण्यातील पाषाणच्या एआरडीई या संस्थेची. १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत तिची प्लास्टिकची मॅगझिने तडकल्याच्या तक्रारी आल्या आणि येथेही ‘प्लास्टिक हो, आणखी काय!’ म्हणून विषय मिटवला गेला. पण आल्प्सच्या बर्फात वावरणारे ऑस्ट्रियन सैनिक पारदर्शक पॉलिमरचीच मॅगझिने वापरत होते. खरे प्रश्न वेगळे आहेत. कोणते मिश्रण निवडले? किती उणे तापमानात तपासले? स्वीकृतीच्या कागदावर सही कोणाची? ‘प्लास्टिक’ हे उत्तर दिले की हे तिन्ही प्रश्न विचारावे लागत नाहीत.

२०/
म्हणून ही कथा निरुपद्रवी नाही. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण व्यक्तीला लागू होते तशी संस्थेलाही. दस्त्याला समितीपुढे बोलावता येत नाही, त्याची बढती थांबत नाही, त्याला निवृत्तिवेतन नसते. त्यामुळे सर्व दोष त्याच्या माथी मारणे सर्वांनाच परवडते. परवडत नाही ते फक्त पुढच्या युद्धात तीच चूक हाती घेऊन उभ्या राहणाऱ्या सैनिकाला.

२१/
इतिहासप्रेमींनी एक सवय लावून घ्यावी. ‘अमुक शस्त्र वाईट होते म्हणून पराभव झाला’ असे वाक्य दिसले, मग ते तोफेविषयी असो, तलवारीविषयी असो वा रायफलीविषयी, की तीन गोष्टी शोधाव्यात: ते आधी कधी नीट चालले होते का, मधल्या काळात काय बदलले, आणि तो बदल कोणाच्या आदेशाने झाला. एम-१६ च्या बाबतीत तिन्ही उत्तरे १९६७ पासून छापील स्वरूपात आहेत.

धागा समाप्त.