भिंतीला पाणी कोण मारणार?

२००६ सालच्या ऑक्टोबरच्या अखेरीस लोणावळ्याजवळच्या मळवलीत एक अपूर्व सोहळा पार पडला. 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या अमेरिकेत उगम पावलेल्या संस्थेच्या वतीने, माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आणि त्यांच्या पत्नी रोझलिन यांच्या उपस्थितीत, देशोदेशींच्या सुमारे दोन हजार स्वयंसेवकांनी आठवडाभरात शंभर घरे उभारण्याचा संकल्प सोडला. हॉलिवूडचा नट ब्रॅड पिट येऊन गेला. विटा उचलणाऱ्या गोऱ्या हातांची छायाचित्रे जगभर झळकली. आठवडा संपला, पाहुणे विमानाने परतले आणि 'सेवा' या शब्दाची एक नवी व्याख्या आपल्या दारात ठेवून गेले.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कार्टर यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. १९८४ पासून वयाची नव्वदी उलटेपर्यंत हा मनुष्य दरवर्षी एक आठवडा हातात हातोडा घेऊन उभा राहिला. डिसेंबर २०२४ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. सत्तेवरून उतरलेल्या किती पुढाऱ्यांना सुतारकामाची गोडी लागते? ज्या संस्थेसाठी ते राबले, तिच्या मूळ कल्पनेतही ग्राह्य असे पुष्कळ आहे. घर फुकट मिळत नाही, कुटुंबाला स्वतः घाम गाळावा लागतो आणि बिनव्याजी हप्त्यांनी रक्कम फेडावी लागते. लाभार्थ्याला भिकारी न मानण्याचा हा विवेक कौतुकास्पद आहे.

प्रश्न आहे तो या विवेकाच्या भोवती वाढलेल्या बाजाराचा. दहा दिवस परदेशात जायचे, दोन भिंती चढवायच्या, उरलेल्या वेळात प्रेक्षणीय स्थळे पाहायची आणि प्रमाणपत्र घेऊन परतायचे, असा व्यवसाय गेल्या दोन-तीन दशकांत जगभर बोकाळला. आता त्याचे ग्राहक केवळ अमेरिकन राहिलेले नाहीत. बोरिवली, अंधेरी, मुलुंडच्या सुखवस्तू घरांतील मुलेही परदेशी विद्यापीठाच्या अर्जात एक ओळ वाढावी म्हणून अशा सहलींना जातात आणि पालक मोठ्या अभिमानाने ते आप्तेष्टांना सांगतात. कोणाच्या तरी डोक्यावरचे छप्पर हे आमच्या चिरंजीवांच्या अर्जातील एक रकाना भरण्याचे साधन व्हावे काय?

हिशोब कोणता सांगतो?

मळवलीत शंभर घरांसाठी दोन हजार माणसे, म्हणजे एका लहान घरामागे वीस माणसे! बांधकामाची तोंडओळख असणाराही सांगेल की, वीस नवख्यांपेक्षा एक मुरलेला गवंडी आणि दोन बिगारी अधिक सरळ भिंत बांधतील. ओळंबा धरणे, मालाचे प्रमाण राखणे, सांधे मोडून वीट लावणे ही विद्या चार दिवसांत येत नाही.

एक साधे गणित मांडू. समजा, परदेशातून येणाऱ्या एका पाहुण्याचा प्रवास, मुक्काम आणि भोजन यांवर एक लाख रुपये खर्च झाले. गवंडी व बिगारी यांच्या जोडीची मजुरी दिवसाला दोन हजार रुपये धरली, तर तेवढ्याच पैशात ती जोडी पन्नास दिवस काम करील आणि दोन घरांत चूल पेटेल. पाहुणा काम करणार पाच दिवस, तेही कोणीतरी शिकवील तेव्हा. यावर असा युक्तिवाद होतो की, हा पैसा एरवी आलाच नसता. माणूस येतो म्हणून देणगीही येते. यात तथ्य आहे, ते नाकारू नये. परंतु मग या प्रकाराला देणगीसह पर्यटन म्हणावे. त्याला सेवेचा मुकुट चढवू नये.

बांधकामातील आणखी एक गोष्ट या सहलींच्या छायाचित्रांत कधीही दिसत नाही. सिमेंटच्या मालात बांधलेली भिंत उभी राहिली म्हणजे पक्की झाली असे होत नाही. तिला किमान सात ते दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारावे लागते, तरच ती ताकद धरते. वीट लावणारा हात छायाचित्रात येतो. पाणी मारणारा हात कोणाचा असतो? तो गावातल्याच कोणा बाईचा किंवा वॉचमनचा असतो. पाहुणे तोवर विमानतळावर पोहोचलेले असतात!

गोराईचा धडा

घर कसे उभे राहते हे पाहण्यासाठी कंबोडियाला जाण्याची आवश्यकता नाही. गोराई म्हटले की मुंबईकरांना खाडीपलीकडचा किनारा आणि विपश्यना पॅगोडा आठवतो. पण खाडीच्या अलीकडे, बोरिवली पश्चिमेला म्हाडाची गोराई वसाहत आहे. १९८५ साली सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात चारकोप, मालवणी आणि गोराई येथे अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना लहान लहान भूखंड देण्यात आले. रस्ता, पाणी, मलनिस्सारण यांची व्यवस्था शासनाने केली. घर मात्र ज्याचे त्याने बांधायचे होते. जागतिक बँकेचा पैसा त्यात होता हे खरे, पण ते कर्ज होते, परतफेडीचे होते. दान नव्हते.

त्या भूखंडांवर कोणी पाहुणे विटा रचायला आले नाहीत. गिरणीतला, गोदीतला, कार्यालयातला साधा मनुष्य आधी एक खोली बांधत असे. मग पुढच्या बोनसला स्लॅब, त्यानंतर मुलाच्या लग्नाआधी वरचा मजला. कोणी सोसायटीच्या शेजाऱ्यांकडून उसने घेतले, कोणी दागिने गहाण ठेवले. भूखंडधारकांच्या सहकारी संस्था झाल्या, मधल्या मोकळ्या जागेत गणपती बसू लागला. वीस वर्षांत तेथे नुसती घरे झाली नाहीत, एक समाज उभा राहिला. कारण भिंतीला पाणी मारणारा आणि त्या भिंतीआड राहणारा एकच होता. अंत्योदय म्हणजे याहून वेगळे काय? गरिबाला हात नाहीत असे समजून त्याला हात पुरवायचे, की त्याच्या हाताखालची जमीन पक्की करून द्यायची, हा खरा प्रश्न आहे. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ च्या एप्रिलमध्ये याच मुंबईत एकात्म मानवदर्शन मांडले. त्यातील मनुष्य हा कोणाच्या दयेचा विषय नाही, तो समाजाचा घटक आहे, हे आपण विसरता कामा नये.

आले ते, आणि राहिले ते

कोणी म्हणेल, परकीयांविषयी तुमच्या मनात आकस आहे. तसे मुळीच नाही. भगिनी निवेदिता १८९८ साली या भूमीवर आल्या, कलकत्त्याच्या प्लेगमध्ये गल्ल्या झाडल्या आणि १९११ साली याच भूमीत त्यांचा देह पडला. त्यांना परकीय कोण म्हणेल? १९३४ च्या भूकंपानंतर स्वित्झर्लंडचे पिअर सेरेसोल बिहारमध्ये आले आणि पुढील काही वर्षे पुनःपुन्हा येऊन त्यांनी खेडी वसविली. खुद्द जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर वयाच्या ६८ व्या वर्षी, १९६६ साली, आपल्या विक्रोळीत आल्या. त्या परिचारिका होत्या. गोदरेज वसाहतीत राहून त्यांनी जवळजवळ दोन वर्षे रुग्णसेवा केली, मराठी शिकण्याची धडपड केली. मातेने विक्रोळीत केले ते आणि पुत्राच्या निमित्ताने मळवलीत घडले ते, यांतील अंतर सुजाण वाचकांनी स्वतःच मोजावे. एकीकडे दोन वर्षे आणि लोकांची भाषा, दुसरीकडे एक आठवडा आणि कॅमेरा.

आणखी एक आक्षेप आपल्याच वर्तुळातून येतो. ही संस्था ख्रिस्ती आहे, म्हणून तिच्यापासून दूर राहावे, असे काही जण म्हणतात. संस्था आपली ख्रिस्ती प्रेरणा लपवीत नाही आणि घर देताना धर्म विचारायचा नाही हे तिचे जाहीर धोरण आहे. त्यावर दगड मारून आपले काय साधणार? उलट स्वतःला विचारावे की, मळवलीच्या कुटुंबांना घर मिळावे यासाठी अमेरिकेतील मनुष्याला यावे लागले, तेव्हा तास-दीड तासावरच्या पुण्यातले आपण कोठे होतो? बाहेरचा आला याची खंत करण्यापेक्षा आतला गेला नाही याची लाज अधिक वाटली पाहिजे.

आपली परंपरा, आपली परीक्षा

ही लाज सर्वस्वी आपली नाही, हेही तितकेच खरे. १९१३ च्या दामोदर नदीच्या महापुरात वैद्यकीचे शिक्षण घेणारे तरुण केशव बळिराम हेडगेवार मदतीला धावले होते. १९७२ च्या दुष्काळात जनकल्याण समितीचे काम उभे राहिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर हादरला, तेव्हा ढिगाऱ्यांतून प्रेते काढणाऱ्यांत स्वयंसेवक होते. ज्ञान प्रबोधिनीने तर मदत संपल्यावर हराळीतून पाय काढून न घेता तेथे शाळा उभारली. भूकंपाची बातमी जुनी झाल्यानंतरही तेथे राहणे, याचे नाव सेवा.

परंतु परंपरेच्या भांडवलावर किती दिवस जगणार? आपल्या महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचे विशेष शिबिरही सातच दिवसांचे असते. मग परदेशी सहलीत आणि त्यात फरक काय? फरक पडतो तो तेच गाव पुढच्या वर्षी पुन्हा निवडले तर, गावाची भाषा येत असेल तर, आणि गावकऱ्याला आपला पत्ता ठाऊक असेल तर. दरवर्षी नवे गाव, नवा फलक आणि नवे छायाचित्र असेल, तर आपले शिबिर आणि त्यांची सहल एकाच माळेचे मणी होत.

म्हणून पालकांना आग्रहाची विनंती आहे. मुलाला सेवेचा संस्कार द्यायचा असेल तर विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी त्याला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील एखादा वनवासी पाडा दाखवा. दर रविवारी, एकाच पाड्यावर, तीन वर्षे. पहिले सहा महिने त्याने काही बांधू नये. केवळ ऐकावे. पाणी कोठून येते, शिधापत्रिका का अडली, पावसाळ्यात कोणाचे छप्पर गळते, हे त्याला माहीत व्हावे. नंतर एखाद्या गवंड्याच्या हाताखाली थापी धरायला शिकावे. हे प्रमाणपत्र कोणतेही विद्यापीठ देणार नाही. पण पाड्यावरची म्हातारी त्याला नावाने हाक मारील.

शाखांनी, सेवा वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आणि गृहनिर्माण संस्थांनीही आपापल्या परिसरातील एक वस्ती निश्चित करावी आणि पुढील पावसाळ्याच्या आत तेथील गळक्या छपरांची यादी करावी. यादीतले पहिले छप्पर शाकारून झाले की मगच दुसऱ्याची चर्चा करावी. वीट लावायला जग येईल, येवो बापडे. भिंतीला रोज पाणी मारायला मात्र शेजारीच लागतो.