डिटॉक्सच्या नावानं चांगभलं

गेले तीन-चार वीकांत लिहीन लिहीन म्हणतोय, पण मुहूर्त लागत नव्हता. आज पाऊस आहे, बाई आलेली नाही, सिंकमध्ये भांडी तशीच आहेत आणि डोक्यात राग आहे. लिहायला एवढं सामान पुरेसं आहे.

तर झालं असं, की गेल्या डिसेंबरात माझं बीपी 150/100 निघालं. वय वर्षे अठ्ठावीस. कंपनीच्या वार्षिक हेल्थ चेकअपमध्ये ज्या मुलीने ते मोजलं तिने दोनदा पट्टा गुंडाळला, तिला वाटलं मशीन बिघडलंय. रिपोर्ट एचआरकडे गेला (तो कसा गेला, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे) आणि आठवड्याभरात मला एक प्रेमळ मेल आला. कंपनीचं मावळातल्या एका वेलनेस रिट्रीटशी टाय-अप आहे, एकवीस दिवसांचा 'डीप रिसेट' प्रोग्रॅम आहे, कंपनी वीस हजार देईल. उरलेले एक लाख चाळीस हजार माझे. सुट्टीही माझीच, वर्षानुवर्षं साठवलेली. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "एकवीस दिवस? अरे, बाळंतिणीलासुद्धा कुणी इतकं झोपवून ठेवत नाही रे आता."

गेलो. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका ठिकाणाचा नाही.

आधी जे चांगलं वाटलं ते सांगतो, नाहीतर म्हणाल हा माणूस मुळातच तिरसट. आठव्या दिवशी मला खरंच बरं वाटायला लागलं. पहाटे गजर न लावता जाग आली. मान दुखत नव्हती. बीपी 128/84. समोर डोंगर, खाली धरणाचं पाणी, आणि कोंबडा आरवतो तो रिंगटोन नाही हे कळायला मला दोन सेकंद लागले.

मग त्यांनी सांगितलं, "बघा, टॉक्सिन्स बाहेर पडताहेत."

आता मी इंजिनिअर माणूस. प्रॉडक्शनला काही सुधारलं की पहिला प्रश्न, बदललं काय? आठ दिवसांत माझ्या आयुष्यात बदललेल्या गोष्टी: रात्री दहाला झोप, जेवण वेळेवर, फोन लॉकरमध्ये, रोज सहा किलोमीटर चालणं, चहा-सिगरेट बंद, बाहेरचं खारट-तेलकट बंद, मॅनेजरचा आवाज बंद. आणि याच्या जोडीला दुधी-कोहळ्याचा रस, पोटावर मातीची पट्टी, कपाळावर तेलाची धार. एकाच वेळी दहा व्हेरिएबल बदलायचे आणि श्रेय मात्र तेलाला द्यायचं. हे असलं टेस्टिंग माझ्या टीममधल्या फ्रेशरने केलं असतं तर त्याला मी चहा प्यायला बाहेर नेऊन समजावलं असतं.

कुठलं टॉक्सिन, असं मी तिथल्या कन्सल्टंट मॅडमना विचारलं. नाव सांगा, बाहेर पडतं म्हणजे कशातून पडतं ते सांगा, आधी किती होतं नि आता किती आहे ते मोजून दाखवा. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही फार डोक्यात जगता." बरं. मग म्हणाल्या, "आम." आता आम ही आयुर्वेदातली नीट व्याख्या असलेली कल्पना आहे, न पचलेल्या अन्नरसाची. तुम्ही ती माना किंवा मानू नका, पण तिचं भाषांतर 'टॉक्सिन' करायचं आणि मग त्या टॉक्सिनला पाश्चात्त्य विज्ञानाची झूल घालायची, हा आयुर्वेदाचाही अपमान आणि विज्ञानाचाही. शरीरातली घाण काढायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत. ती चोवीस तास काम करतात, आणि ती बंद पडली तर डायलिसिस लागतं, दुधीचा रस नाही.

तसंच पंचकर्माचं. पाच कर्मं म्हणजे वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्षण. मसाज आणि वाफ ही त्याची पूर्वतयारी, शिरोधारा तर त्या पाचांत नाहीच. आमच्या 'प्रीमियम पंचकर्म' पॅकेजात मसाज अठरा, शिरोधारा सात, बस्ती एक. म्हणजे ग्रंथातला जो भाग अंगावर सुखद आणि फोटोत छान दिसतो तेवढा घेतला, ओकाऱ्या-जुलाबांचा भाग सोडला. शुद्धीनंतर आधी पेज, मग घट्ट पेज, मग कढण असं हळूहळू जेवणावर यायचं असतं, त्याला संसर्जन क्रम म्हणतात. आमच्याकडे शेवटच्या रात्री 'सेलिब्रेशन बुफे' होता. त्यात चीजकेक होता. व्हीगन होता म्हणे.

वजनाचंही सांगून टाकतो, कारण आमच्या बॅचमधल्या निम्म्या लोकांनी तेच स्टेटसला टाकलं. पहिल्या तीन दिवसांत दोन किलो उतरलं आणि टाळ्या पडल्या. यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण अर्ध्या किलोच्या आसपास ग्लायकोजेन असतं, आणि त्याच्या दर ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. उपाशी राहिलात की ते आधी जातं. घरी येऊन दोन दिवस वरण-भात खाल्लात की परत येतं. दोन किलो पाण्याला टाळ्या वाजवणारी माणसं एरवी कंपनीत बॅलन्स शीट वाचतात!

असो. इथपर्यंत हा नुसता पैशांचा आणि विनोदाचा मामला आहे. लोक आपल्या पैशाने तेल ओतून घेतात, आपल्या बापाचं काय जातं. पण पाचव्या दिवशी जे झालं ते मला विनोदात घालता येत नाही.

माझ्या शेजारच्या खोलीत सांगलीकडचे एक काका होते. सत्तरीचे. साखर कारखान्यात चीफ केमिस्ट म्हणून रिटायर झालेले. मुलगा न्यू जर्सीला, त्याने बाबांना वाढदिवसाची भेट म्हणून हे बुकिंग करून दिलेलं. काका मला पहिल्या दिवसापासून "काय इंजिनिअरसाहेब" म्हणायचे आणि मी त्यांना चीफ म्हणायचो. त्यांना डायबिटीस होता, ग्लिमेपिराइड चालू होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवा की जेवू नका. आणि तिसऱ्या दिवसापासून काकांना ठेवलं होतं फक्त रसावर. दुधी आणि कोहळा. त्यात असून असून किती साखर असणार?

आल्या आल्या आमच्याकडून चार पानी फॉर्म भरून घेतला होता. स्वप्नं कशाची पडतात, थंडी जास्त वाजते की ऊन जास्त लागतं, राग येतो का. प्रकृती ठरवायला. त्या चार पानांत 'सध्या चालू असलेली औषधं' या प्रश्नाला दीड इंच जागा होती. काकांनी तिथे नीट, मराठीत, वळणदार अक्षरात गोळीचं नाव लिहिलेलं होतं. मी नंतर स्वतः पाहिलं. कुणी वाचलंच नव्हतं.

पहाटे साडेपाचला जलनेतीच्या रांगेत काका माझ्या पुढे उभे होते. एकदम त्यांच्या बोलण्यात गडबड व्हायला लागली. मला म्हणाले, "गाळप सुरू झालं का रे?" शर्ट घामाने ओला, डिसेंबरच्या थंडीत. हात थरथरत होते. मग ते खालीच बसले. माझ्या आजोबांना हे व्हायचं, म्हणून मला कळलं. ग्लुकोमीटर त्यांच्याच खोलीत होता, पळत जाऊन आणला. 48.

डॉक्टर नऊला येणार. नर्स नाही. योगशिक्षक म्हणाला, "त्यांना शवासनात झोपवा." मी ओरडलो, "साखर आणा!" आणि मग लक्षात आलं की अख्ख्या रिट्रीटमध्ये साखर नाही. आवारात शिरताना पाटी आहे, शुगर फ्री कॅम्पस. किचनला कुलूप, मध आत, किल्ली ज्याच्याकडे तो सहाला येणार.

साखर आणली ती मसाज करणाऱ्या पोराने. पालक्काडचा, बावीस-तेवीस वर्षांचा. तो जनरेटरच्या मागच्या पत्र्याच्या खोलीकडे धावत गेला आणि एका कॉफीच्या बरणीत भरलेली साखर घेऊन आला. स्टाफ तिथे चोरून चहा करायचा. मग पाण्यात चार चमचे, थोडं थोडं, काका गिळू शकत होते हे नशीब. पंधरा-वीस मिनिटांनी 92. काका शुद्धीवर नीट आल्यावर त्या बरणीकडे बघून म्हणाले, "पोत्यांनी काढली आयुष्यभर, पण एवढी महाग कधी नाही बघितली."

साडेनऊला मॅनेजर आला. झाल्या प्रकाराला त्याने काय म्हणावं? 'हीलिंग क्रायसिस.' शरीर बरं होताना आधी असं बिघडतं म्हणे, चांगलं लक्षण आहे. मी त्याला फॉर्मवरचं गोळीचं नाव दाखवलं. तो म्हणाला, आपण निगेटिव्ह एनर्जी नको पसरवूया. आणि स्टाफच्या खोल्यांत चहा-साखर सापडल्याबद्दल त्या पोराचा एक दिवसाचा पगार कापला. हे मला काकांनी नंतर सांगितलं. त्यांनी त्याला गुपचूप पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत.

तो पोरगा पहाटे पाचला कामावर यायचा आणि रात्री नऊला सुटायचा. दिवसाला सात-आठ अंगं रगडायची. मी बर्नआउटवर उपचार घेत टेबलावर पालथा पडलेलो आणि माझ्या पाठीवर माझ्यापेक्षा जास्त तास काम करणाऱ्या माणसाचे हात.

मला याच्या इतिहासात थोडी गंमत वाटते. पुण्याहून सोलापूर रस्त्याने तीसेक किलोमीटरवर उरुळी कांचन आहे. तिथे मार्च 1946 मध्ये गांधीजींनी निसर्गोपचार आश्रम काढला. त्याआधी ते पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या क्लिनिकमध्ये राहून उपचार घ्यायचे, आणि गरिबांसाठी तिथेच काहीतरी करावं असा त्यांचा विचार होता. मग त्यांच्या लक्षात आलं की गरीब माणूस शहरातल्या अशा जागी येणारच नाही, आणि तसं वाटणं हा आपला मूर्खपणा होता हे त्यांनी उघड कबूल केलं. म्हणून उरुळी. तिथे मागे राहिले ते मणिभाई देसाई. त्यांनी पुढे 1967 मध्ये बाएफ काढली, गाईगुरांवर नि शेतीवर काम केलं, 1982 मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. गांधीजींच्या माती-पाण्याच्या उपचारांवर माझा फारसा विश्वास नाही. पण ज्याच्याकडे पैसा नाही त्याला माती, पाणी, ऊन, हवा तरी फुकट मिळते, हा त्यामागचा विचार होता. तीच माती आज माझ्या पोटावर साडेबाराशे रुपयांना थापली जाते. इगतपुरीला धम्मगिरीवर 1976 पासून दहा-दहा दिवसांची शिबिरं चालतात, फोन तिथेही काढून घेतात, बोलायलासुद्धा बंदी, आणि फी नाही, जमेल ते दान. म्हणजे शांतता फुकटात देता येते, हे सह्याद्रीच्या याच रांगेत सिद्ध झालेलं आहे.

मग आपण दीड लाख का मोजतो? मोजतो कारण आपल्याला असं पटवलंय की बिघाड आपल्या शरीरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची जी व्याख्या केली त्यात स्पष्ट म्हटलंय, की हा आजार म्हणून धरलेला नाही, ही कामाच्या ठिकाणी निर्माण होणारी स्थिती आहे. याच संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेबरोबर 2021 मध्ये आकडे मांडले: आठवड्याला 55 तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त. मी परत आल्यावर माझे मागच्या तीन महिन्यांचे तास काढले. सरासरी 61. आणि इकडे 2023 मध्ये नारायण मूर्ती सत्तर तास म्हणाले, 2025 च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांचं नव्वदचं बोलणं बाहेर आलं. टॉक्सिन शोधायला मावळात कशाला जायचं, राव?

सर्व्हरला मेमरी लीक असेल तर रोज रात्री रिस्टार्ट मारून दिवस ढकलता येतात, आपण सगळ्यांनी ते पाप केलेलं आहे. पण निदान आपल्याला माहीत असतं की हा जुगाड आहे. इथे रिस्टार्टलाच ट्रीटमेंट म्हणतात, बिल रिस्टार्ट होणाऱ्यालाच लावतात, आणि ज्याने लीक लिहिला तो वीस हजार देऊन 'एम्प्लॉयी वेलबीइंग'ची स्लाइड बनवतो.

परत आल्यावर मी मॅनेजरला एकच गोष्ट मागितली. रात्री साडेदहाचा कॉल संध्याकाळी साडेसातला घ्या, क्लायंटकडे तेव्हा सकाळचे नऊ असतात, त्यांना चालेल. याला खर्च शून्य रुपये. उत्तर आलं, "लेट मी चेक." त्याला आता पाच महिने झाले. बीपी परवा 146/96 होतं. गोळी सुरू केली आहे, खऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलेली, आणि मागच्या सोमवारपासून साडेदहाचा कॉल मी घेत नाही. कुणाला न विचारता. अप्रेझलमध्ये काय होईल ते ऑक्टोबरात कळेल.

रविवारी काकांचा फोन आला होता. मुलाने पुढच्या डिसेंबरचं परत बुकिंग केलंय, अर्ली बर्ड डिस्काउंट होता म्हणे. काकांनी त्याला त्या पहाटेबद्दल काही सांगितलेलंच नाही, उगाच पोराला लांब बसून घोर नको. मी म्हटलं, चीफ, त्याचा नंबर द्या, मी बोलतो. नको नको म्हणत शेवटी दिलाय. आज तिकडे सकाळ झाली की फोन लावतो.