विसरलेल्या पुस्तकाचा शोध

गेल्या पालकसभेच्या दिवशीं अकोल्याहून अमरावतीस आलेल्या एका पालकांनीं आम्हांस एक विलक्षण प्रश्न विचारला. ते म्हणाले, "सर, लहानपणीं अकोल्याच्या वाचनालयांतून आणून एक कादंबरी वाचली होती. जमिनीखालीं खोल एक बंद पेटी सांपडते. तींत आपल्याहून पुढारलेल्या प्राचीन लोकांचें ज्ञान असतें, आणि तींतूनच परग्रहावरचें एक मूल निघतें. पुस्तकाचें वेष्टन फाटलें होतें, म्हणून नांव कळलें नाहीं. आतां माझ्या मुलाला तें वाचावयास द्यावयाचें आहे. आपण ओळखाल काय?"

जवळ उभ्या असलेल्या तिघांनीं तत्काळ तीन नांवें सांगितलीं. तिन्ही ठामपणें सांगितलीं, आणि तिन्ही चुकलीं! आम्हीं मात्र उलट विचारलें, "तें मूल पेटींतूनच निघालें, हें आपणांस आठवतें, कीं तसें वाटतें?" ते थबकले. मग म्हणाले, "तेवढें खात्रीनें सांगवत नाहीं. पण पुस्तकाच्या नांवांत दशावतारांपैकीं कोणी तरी होता, हें पक्कें."

येथें गांठ सुटली. पुरलेल्या पेटीच्या गोष्टी पुष्कळ आहेत. परंतु अवताराच्या नांवाची विज्ञानकादंबरी विरळा. पेटी होती डॉ. जयंत नारळीकर यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरींतील. आणि पृथ्वीवर वाढणारें परग्रहावरचें मूल त्यांच्याच 'प्रेषित' या कादंबरींतील. स्मृतीनें एकाच लेखकाचीं दोन पुस्तकें एका बांधणींत बांधलीं होतीं! तथापि "सांपडलें" असें आम्हीं म्हटलें नाहीं. दोन्ही पुस्तकें मिळवून त्यांच्या हातीं दिलीं. तीं वाचून झाल्यावर त्यांनीं कळविलें, "हींच तीं. वामन हा यंत्रमानव आहे, हें मी पार विसरलों होतों."

आमच्या मतें ही केवळ करमणूक नव्हे. आठवलेलें आणि कल्पिलेलें निराळें करणें, दहा सामान्य खुणांपेक्षां एका असामान्य खुणेवर भिस्त ठेवणें, आणि मूळ पाहिल्यावांचून निर्णय न देणें, हीच शास्त्राची रीत होय. प्रयोगशाळेंत जिचा आपण आग्रह धरतों, ती गप्पागोष्टींत कां सोडावी? ठाऊक नसतां ठामपणें उत्तर देणें हा आज फार बोकाळलेला दोष आहे.

कोणी म्हणेल, कथा मनांत राहिली म्हणजे झालें. नांवाचें एवढें काय? स्वतः नारळीकरांनीं १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस 'कृष्णविवर' ही कथा पाठविली, ती आद्याक्षरें उलटीं करून, 'नारायण विनायक जगताप' या टोपणनांवानें; आणि तिला पारितोषिक मिळालें. गुण पारखावयास नांव लागत नाहीं, हें खरें. परंतु जें एकदां आवडलें तें पुन्हां भेटावें, दुसऱ्यास देतां यावें, यासाठीं नांवच लागतें. त्या गृहस्थांस एका नांवावांचून कित्येक वर्षें आपला आनंद मुलाच्या हातीं देतां आला नाहीं. लेखकही २०२५ सालीं निवर्तले. आतां त्यांना विचारावयाची सोय उरली नाहीं.

म्हणून, विद्यार्थीमित्रहो, वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाचें व लेखकाचें नांव वहींत टिपून ठेवा, खालीं दोन ओळी कथानक लिहा, आणि वाचनालयाच्या पुस्तकाचें वेष्टन जपा. पालकांसही आमची विनंती आहे कीं, आपण लहानपणीं काय वाचलें, तें घरीं मुलांस सांगावें. नांव आठवत नसेल तर शोध दोघांनीं मिळून करावा.