पाय टेकले पाहिजेत!

“डॉक्टरसाहेब, गाडी पळत होती तोवर काही झाले नाही. थांबवली आणि पडले!” डावे मनगट उजव्या हाताने सावरत एक अंगणवाडी सेविका सांगत होत्या. गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. कोकरूडकडून शिराळ्याकडे येताना समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला. बाईंनी शहाण्या माणसासारखी गाडी कडेला घेतली, थांबवली आणि डावा पाय खाली सोडला. डांबराच्या थरावर थर चढून रस्ता उंच झालेला आणि साईडपट्टी अर्धा फूट खाली गेलेली. पायाला जमीन लागलीच नाही. गाडी कलंडली, बाईंनी हात टेकला आणि मनगटाजवळचे हाड मोडले.

मी विचारले, “एरवी पाय टेकतात का?” त्या म्हणाल्या, “चवडे टेकतात की!” बाईंची उंची जेमतेम पाच फूट. गाडी घेताना रंग कोणता, हप्ता किती, डिकीत किती सामान मावते, हे सगळे पाहून झाले होते. पाय टेकतात का, एवढे मात्र कोणी पाहिले नव्हते.

अपघात म्हटला की आपण वेग, दारू, खड्डे आणि हेल्मेट यांविषयी बोलतो. ते बोललेच पाहिजे. पण उभ्या गाडीवरून पडणे हाही अपघातच आहे. त्याचा पंचनामा होत नाही, पेपरात बातमी येत नाही. तो थेट हाडाच्या डॉक्टरकडे जातो, नाहीतर घरी तेल लावून बसतो. ज्यांची उंची कमी आहे त्यांच्या बाबतीत या अपघाताचे मोठे कारण गाडीची सीट हे असते, आणि ती सीट आपल्या मापाची करून घेणे हा चोचला नसून आरोग्याचा प्रश्न आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाच फुटांचा हिशेब

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट आहे. सरासरीचा अर्थ असा की जवळजवळ निम्म्या स्त्रिया याहूनही कमी उंचीच्या आहेत. पाच फुटी व्यक्तीच्या जांघेपासून टाचेपर्यंतचे अंतर साधारण ७० सेंटिमीटर भरते. आता गाड्या पाहा. सध्याच्या बहुतेक बिनगिअरच्या स्कूटरची सीट जमिनीपासून ७६ ते ७८ सेंटिमीटर उंच असते. माणूस बसल्यावर फोम आणि शॉकॲब्सॉर्बर दबून ती दोन-तीन सेंटिमीटर खाली येते, चपलेची जाडी थोडी भर घालते. तरीही तूट राहतेच. शिवाय सीट पुढच्या बाजूला रुंद असते आणि पाय ठेवण्याची जागा त्याहून रुंद. त्यामुळे पाय सरळ खाली न जाता फाकून जातात आणि आणखी आखूड पडतात. परिणामी टाच दीड-दोन इंच अधांतरी राहते आणि गाडीचे शंभर-सव्वाशे किलो वजन दोन चवड्यांवर तोलावे लागते. सपाट रस्त्यावर ते निभते. उतारावर, चिखलात, मागे मूल बसलेले असताना किंवा साईडपट्टीवर निभत नाही. गाडी थोडी कलली तर हात सावरतात. एका मर्यादेपलीकडे ती गेली की पैलवानालाही सावरत नाही.

गाडीच्या रचनेत माणसाच्या मापाचा विचार झाला नाही असे नाही. आपल्या शेजारी साताऱ्यात, १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर तयार होत असे. किक मारायची, डाव्या मुठीने गिअर बदलायचे. बायका तिच्यावर बहुधा मागेच बसत. १९७२ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना आणली. ती हलकी आणि बुटकी होती, पाय सहज टेकत. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली आणि बटण दाबून चालू होणारी बिनगिअरची स्कूटर घरोघर माहीत झाली. किक गेली, गिअर गेला. सीटची उंची मात्र तशीच राहिली. १९९७ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रबर्ती यांचे भारतीयांच्या शरीरमापांचे पुस्तक प्रसिद्ध केले. म्हणजे मापे उपलब्ध आहेत. पण एकच सीट सर्वांना बसवायची म्हटली की ती मधल्या उंचीच्या पुरुषाला बरोबर आणि बुटक्या माणसाला उंच होणारच. हे केवळ स्त्रियांचे दुखणे नाही. कमी उंचीचे पुरुष आणि गुडघे आखडलेले वयस्क हेही त्यात आले. फरक इतकाच की पुरुष ते बोलून दाखवत नाहीत.

मोडते काय?

उभ्या गाडीवरून पडताना माणूस हात पुढे करतो, म्हणून मनगट मोडते. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे ठिसूळ होऊ लागतात. पंचविशीत ज्या पडण्याने नुसते खरचटते त्याच पडण्याने पन्नाशीत हाड मोडते. दुसरा नंबर घोट्याचा. चवड्यावर उभे असताना पाऊल आत वळले की घोट्याचे स्नायुबंध ताणतात किंवा तुटतात. गाडी उजवीकडे पडली तर तापलेल्या सायलेन्सरने पोटरी भाजते. अशा वेळी हळद किंवा टूथपेस्ट न लावता भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा.

याखेरीज रोजचे हळू हळू होणारे नुकसान आहेच. पाय पुरावेत म्हणून अनेक जणी सीटच्या अगदी टोकाला बसतात. मांड्यांना आधार राहत नाही, खांदे आवळले जातात, कंबर धरते. गोळ्या घेऊन ही कंबर बरी होत नाही, कारण दुखणे कमरेत नसून बसण्यात असते.

आणि सर्वांत मोठे नुकसान एक्स-रेमध्ये दिसत नाही. एकदा पडलेली बाई पुन्हा गाडीला हात लावत नाही. गाडी पडवीत उभी राहते आणि बाई एसटीची वाट पाहत किंवा घरातल्या पुरुषाला फुरसत कधी होईल ते पाहत बसते. आपल्या डोंगरी तालुक्यात आशाताई, परिचारिका, शिक्षिका, बचत गटाच्या भगिनी या गाडीच्या जोरावर वाड्यावस्त्यांवर पोहोचतात. त्यांचे जाणे-येणे थांबणे हे केवळ त्यांच्या घरचे नुकसान नाही.

कुशनवाल्याकडे जाताना

उपाय सोपा आहे आणि आपल्या बाजारपेठेतच आहे. स्कूटरची सीट म्हणजे खाली प्लॅस्टिकचा तळ, त्यावर फोम आणि वर पिना मारून ताणलेले रेक्झिन. सीटचे काम करणारा कुशनवाला रेक्झिन उघडून फोम कमी करू शकतो. मात्र त्याला नुसते “सीट खाली कर” म्हणून गाडी सोडून येऊ नये.

आधी घरी माप घ्या. रोजची चप्पल किंवा बूट घालून, सपाट फरशीवर, स्टँड काढून गाडीवर बसा. एकाने गाडी धरावी, दुसऱ्याने पट्टीने टाचेखालचे अंतर मोजावे. दोन्ही टाचा जमिनीला लागल्याच पाहिजेत असा हट्ट नको. नितंब न सरकवता एक पाऊल टाचेसह पूर्ण टेकावे आणि दुसऱ्या पायाचा पुढचा अर्धा भाग भक्कम टेकावा, एवढे झाले की पुरे.

कुशनवाल्याला प्रथम सीटच्या पुढच्या भागाच्या दोन्ही कडा, म्हणजे जिथे मांड्या टेकतात तो भाग, उतरत्या करायला सांगा. पुष्कळदा एवढ्यानेच निम्मे काम होते, कारण पाय फाकायचे कमी होतात. त्यानंतर बसण्याच्या जागेचा फोम कमी करावा, तोही आधी एक इंच. रेक्झिन चढवण्यापूर्वी बसून पाहा आणि गरज असेल तरच आणखी अर्धा इंच काढा. कापलेला फोम परत वाढत नाही. तळावर किमान दोन इंच फोम राहिलाच पाहिजे, नाहीतर प्रत्येक गतिरोधकावर माकडहाडाला दणका बसेल. उरलेला फोम पातळ असेल तर त्यावर मऊ नव्हे, घट्ट फोमचा थर घालावा. मऊ फोम हाताला छान लागतो पण वजनाने पार दबतो. बसण्याची जागा सपाट ठेवावी. खोलगट खळगा केला तर कंबर मागे वाकते, पुढे उतार दिला तर ब्रेक मारताना माणूस घसरतो.

चांदोलीच्या बाजूला पाऊस कसा असतो हे मी सांगायला नको. रेक्झिनखाली प्लॅस्टिकचा कागद घालून घ्या आणि शिवण बसण्याच्या जागेवर येऊ देऊ नका. भिजलेला फोम आठवडाभर वाळत नाही आणि ओल्या सीटवर बसून जांघेत खाज सुटलेले रुग्ण दर पावसाळ्यात येतात. काम झाल्यावर सीटचे कुलूप नीट लागते का आणि सीट हलत नाही ना, हे पाहावे. मागे बसणाऱ्याची धरण्याची कडी जागेवर असावी. या सगळ्याला येणारा खर्च मनगटाच्या प्लॅस्टरपेक्षा कमीच होतो.

हे करू नका

काही जण याहून जवळचा रस्ता सुचवतात. शॉकॲब्सॉर्बरची स्प्रिंग कापायची, लहान चाक बसवायचे, सांगाडा ठोकून खाली घ्यायचा. हे करू नये. गाडीचा तोल बदलतो, बूड गतिरोधकाला घासते, वळणावर गाडी दगा देते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. फोम कमी करणे वेगळे आणि गाडीचा सांगाडा कापणे वेगळे. उंच टाचांची चप्पल घालून तूट भरून काढणे हाही उपाय नव्हे. ती पायातच मुरगळते.

लोक म्हणतात

घरातून पहिला आक्षेप येतो की सीट कापली तर गाडीची किंमत उतरेल. त्याला उत्तर आहे. मूळ सीट काढून ठेवा आणि जुनी सीट विकत घेऊन तिच्यावर काम करा. दोन-चार नट काढले की सीट बदलते. घरात उंच माणूसही तीच गाडी चालवत असेल तर त्याचीही सोय राहते, कारण खाली केलेल्या सीटवर त्याचे गुडघे अवघडतात.

दुसरा आक्षेप अनुभवी चालकांचा असतो की सवयीने जमते. यात तथ्य आहे. थांबण्यापूर्वी वेग कमी करणे, दोन्ही ब्रेक हळू दाबणे, डावा पाय कुठे पडणार ती जागा आधी पाहणे, साईडपट्टी खचलेली असेल तर डांबरावरच थांबणे, हे शिकलेच पाहिजे. पण सवय ही रोजच्या रस्त्याची असते. नागपंचमीच्या गर्दीत पावलापावलाला थांबत गाडी रेटावी लागते किंवा अचानक कुत्रे आडवे येते, तेव्हा सवय नव्हे, जमीन उपयोगी पडते.

तिसरा आक्षेप कोणी बोलत नाही, पण तोच खरा आहे. आपण बुटके आहोत हे चारचौघांत कबूल करायची लाज वाटते. ब्लाउज शिवताना आपण माप देतो, चष्म्याचा नंबर काढून घेतो, चप्पल पायात घालून बघतो. त्यात कमीपणा वाटत नाही. मग लाखाच्या घरात किंमत असलेल्या आणि जीव जिच्यावर अवलंबून आहे अशा गाडीचे माप घ्यायलाच लाज का वाटावी?

कंपन्यांनाही सांगणे आहे. बीएमडब्ल्यूसारखी कंपनी आपल्या मोटारसायकलींना कमी उंचीची सीट पर्याय म्हणून देते. मग आपल्याकडे ज्या गाड्या स्त्रियांच्या म्हणून विकल्या जातात त्यांना दोन उंचीच्या सीट का मिळू नयेत? गिऱ्हाईक मागत नाही तोवर विक्रेता देणार नाही. म्हणून मागायला सुरुवात करा. गाडी घेताना जी चालवणार आहे तिला सोबत न्या, गाडीवर बसवा आणि पाय टेकतात का ते पाहा. रंग नंतर निवडता येतो.

त्या सेविका दीड महिन्याने प्लॅस्टर काढायला आल्या तेव्हा म्हणाल्या, “आता गाडी विकून टाकते.” मी म्हणालो, “बाई, गाडी विकू नका, सीट कापा.” त्यांनी ऐकले. आज त्या पुन्हा गाडीवरून अंगणवाडीत जातात. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण आपल्या सर्वांना पाठ आहे. स्कूटरच्या बाबतीत मात्र ती उलटी करून वापरावी. आधी पाय पाहावेत आणि मग त्यांना पुरेल अशी सीट करून घ्यावी.