आदळणार असेल तरच सांगा

२०२५च्या फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी चहा गाळत होते आणि फोन टुणटुण वाजायला लागला. आमच्या घरच्या ग्रुपवर दादाने (म्हणजे माझ्या आतेभावाने) चित्र टाकलं होतं. खाली गेटवे ऑफ इंडिया, वर आगीचा गोळा आणि लाल अक्षरांत "मुंबईवर लघुग्रह आदळणार?" ते प्रश्नचिन्ह वकिलाच्या सल्ल्याने लावत असावेत. मग काय, मावशीचे हात जोडलेले, मामांचं "२०३२ पर्यंत आपण कुठे असणार", वहिनीचं "मग होम लोन फेडायचं की नाही?" दिवसभर ग्रुप नुसता पेटला होता.

दोन महिन्यांनी, २० एप्रिलला, रविवारी, मी त्याच ग्रुपवर लिहिलं: "आज रात्री ११ वाजून २१ मिनिटांनी ल्युसी नावाचं यान एका लघुग्रहाच्या जवळून जाणार आहे. मी जागी असणार आहे." मावशीने अंगठा दाखवला. (ती सगळ्यालाच दाखवते.) आणि दादाचं उत्तर आलं, "आदळणार आहे का? नाही ना? मग झोप."

हे वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून आज हे लिहायला बसले. दादा, तू वाचशीलच, आणि रागावशीलही. रागाव.

आधी त्या फेब्रुवारीबद्दल. २०२४ वायआर४ हा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ला सापडला. आकार अंदाजे ४० ते ९० मीटर, म्हणजे एखाद्या शहराची धूळधाण करायला पुरेसा. २२ डिसेंबर २०३२ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १८ फेब्रुवारीला ३.१ टक्क्यांपर्यंत गेली. आणि तो पडलाच तर जिथे पडू शकेल असा पट्टा प्रशांत महासागराच्या पूर्वेकडून दक्षिण अमेरिका, आफ्रिका, अरबी समुद्र करत आपल्यापर्यंत येत होता. मुंबई त्या पट्ट्यात होती हे खरंच. तेव्हा बातमी खोटी नव्हती. पण आकडा वाढतोय म्हणजे संकट जवळ येतंय असं जे सगळे समजून बसले, ते चूक होतं. नवा लघुग्रह सापडला की त्याच्या मार्गाचा अंदाज सुरुवातीला फार पसरट असतो. निरीक्षणं वाढली की तो पट्टा अरुंद होत जातो, आणि पृथ्वी अजून त्याच्या आत असेल तर पट्ट्यातला तिचा वाटा मोठा दिसायला लागतो. मग आणखी चार रात्री निरीक्षणं होतात, पृथ्वी पट्ट्याबाहेर पडते आणि शक्यता धाडकन खाली येते. अगदी तसंच झालं. आठवड्याभरात ती एका टक्क्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही खाली आली.

ही दुसरी बातमी आमच्या ग्रुपवर कोणी टाकली? मी. अंगठा कोणी दाखवला? मावशीने. दादा तोवर आंब्याच्या भावावर गेला होता.

आता ती एप्रिलची रात्र. मी नेमकं काय पाहिलं असं विचाराल, तर काहीही नाही! यान पृथ्वीपासून बावीस कोटी किलोमीटरहून जास्त दूर होतं. तिथून निघालेल्या संदेशाला आपल्यापर्यंत यायला बारा मिनिटांहून जास्त लागतात. शिवाय लघुग्रहाकडे रोखून बघत राहायचं म्हणून यानाने आपला मोठा अँटेना पृथ्वीपासून वळवलेला. म्हणजे ऐन वेळी थेट चित्र वगैरे काही नाहीच. वेग सेकंदाला १३.४ किलोमीटर, दादर ते ठाणे दोन सेकंदांत. तिथे कोणी ब्रेक मारत नाही, वळून परत येत नाही. साडेतीन वर्षांचा प्रवास, आणि जवळून बघायला मिळतात ती काही मिनिटं. कॅमेरा चुकला तर चुकलाच. १९९९मध्ये डीप स्पेस १ हे यान ब्रेल नावाच्या लघुग्रहाजवळून गेलं तेव्हा ऐन जवळ असताना कॅमेऱ्याला तो सापडलाच नाही. पुढे लांबून काढलेले एकदोन पुसट ठिपके हाती आले, बस.

तर मी खुर्चीत बसून घड्याळाकडे बघत होते. ११:१९. ११:२०. सगळं घर झोपलेलं. पंख्याचा आवाज. ११:२१. आत्ता गेलं! ९६० किलोमीटरवरून. आणि जगात कुठेकुठे माझ्यासारखे आणखी काही वेडे असेच भिंतीकडे बघत बसले असणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. उठले, पाणी प्यायले, झोपले.

दुसऱ्या दिवशी फोटो आले. लघुग्रहाचं नाव डोनाल्डजोहान्सन. इथिओपियात १९७४मध्ये आपल्या फार जुन्या पूर्वजाचा, 'ल्युसी'चा, सांगाडा शोधणाऱ्या शास्त्रज्ञाचं ते नाव, आणि त्या सांगाड्यावरूनच यानालाही ल्युसी म्हणतात. पृथ्वीवरून तो लघुग्रह म्हणजे निव्वळ ठिपका. आणि फोटोत चक्क भुईमुगाची शेंग! दोन गोळे, मध्ये चिमटलेली मान. लांबी सुमारे ८ किलोमीटर, रुंदी साडेतीन, म्हणजे साधारण आपल्या मरीन ड्राइव्हएवढी. अंदाजापेक्षा मोठा निघाला, इतका की पहिल्या फोटोंत पूर्ण मावलाही नाही.

फोटो ग्रुपवर टाकला. दादा म्हणाला, "दगड आहे." शिवाय त्याला कुठूनतरी कळलं होतं की सर्वांत जवळ पोहोचायच्या ४० सेकंद आधीच यानाने लघुग्रहाचा माग घेणं थांबवलं. "ते चाळीस सेकंद काय लपवलं?" अरे बाबा, पुढे उपकरणांवर थेट ऊन आलं असतं, ती खराब झाली असती म्हणून तोंड फिरवलं! घाबरवणाऱ्या चित्राला एक प्रश्न न विचारणारा माणूस खऱ्या फोटोला मात्र उलटतपासणीला उभा करतो. त्या आगीच्या गोळ्याचा फोटो कोणी काढला होता रे, दादा?

माझी तक्रार हीच आहे. "बाप रे, आदळणार!" म्हणणारा आणि "त्याचा काय उपयोग?" म्हणणारा एकच माणूस असतो. भीतीही न बघता आणि तुच्छताही न बघताच. मधलं बघायचं काम तेवढं त्याला नको असतं.

उपयोगाचंच बोलायचं तर बोलू. येणारा धोंडा बाजूला ढकलायचा असेल तर तो आहे कसला हे आधी कळायला नको? १९९७मध्ये निअर हे यान माथिल्डे या लघुग्रहाजवळून गेलं आणि कळलं की त्याची घनता पाण्याच्या जेमतेम १.३ पट आहे. दगडाचा गोळा म्हणावा, तर निम्मा आत पोकळ. असल्या भुसभुशीत वस्तूला धक्का दिला तर ती सरकेल, फुटेल की धक्काच गिळून टाकेल? २६ सप्टेंबर २०२२ला डार्ट यान मुद्दाम डिमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर आपटवलं. त्याचा ११ तास ५५ मिनिटांचा फेरा अर्ध्या तासाहून जास्त कमी झाला, कारण जो मालमसाला उसळून बाहेर पडला त्यानेच नुसत्या धडकेपेक्षा कितीतरी मोठा धक्का दिला. २०३२च्या चिंतेवरचं औषध अशा 'बिनकामाच्या' दगड बघण्यातून तयार होतं. ल्युसीचा खर्च बारा वर्षांचा मिळून ९८ कोटी डॉलरच्या आसपास. दादाने त्यातला एक रुपयाही दिलेला नाही, तरी हिशेब तोच मागतो.

पण खरं सांगू? ही सगळी वकिली झाली. मी काही पृथ्वी वाचवायला जागले नव्हते.

लहानपणी आम्ही सगळे एसटीने लोणारला गेलो होतो. दैत्यसूदनाचं देऊळ बघून झालं, लवणासुराची गोष्ट ऐकून झाली आणि मग आम्ही त्या काठावर आलो. एवढं गोल, एवढं खोल. जवळजवळ पावणेदोन किलोमीटरचा खळगा. "हे ज्वालामुखीने झालं," आमच्यातलं कोणीतरी म्हणालं. दादा तेव्हा नववीत होता. तो म्हणाला, "नाही, आकाशातून दगड पडलाय." आणि मग तासभर कोणी हलवलं तरी हलेना. दगड किती मोठा असेल? कुठून आला? त्याचा उरलेला तुकडा कुठे गेला? परतीच्या गाडीत सगळे झोपले, हा प्रश्नच विचारत होता. मी सात वर्षांची होते. मला हे वेड त्याने लावलं. म्हणून "मग झोप" हे त्याच्याकडून ऐकून जास्त लागलं.

गॅलिलिओ यान २८ ऑगस्ट १९९३ला आयडाजवळून गेलं. मोठा अँटेना उघडलाच नव्हता, त्यामुळे फोटो थेंबाथेंबाने महिनोन्महिने येत राहिले. १९९४च्या फेब्रुवारीत अॅन हार्च नावाच्या बाईंना एका फोटोत आयडाशेजारी एक बारीक ठिपका दिसला. लघुग्रहाला चंद्र! तोवर असा चंद्र कोणी पक्का पाहिलेला नव्हता. लघुग्रह आदळला नाही, उपयोग शून्य, पण त्या दिवशी त्या बाईंचं काय झालं असेल याचा विचार मी अजूनही अधूनमधून भांडी घासताना करते. ल्युसीचंही तेच. १ नोव्हेंबर २०२३ला ती डिंकिनेश नावाच्या जेमतेम पाऊण किलोमीटरच्या लघुग्रहाजवळून गेली. तो मूळ योजनेत नव्हताच, त्याच वर्षी सराव म्हणून घेतला. तर त्याला चंद्र निघाला, आणि तो चंद्रही एक नाही, एकमेकांना चिकटलेले दोन गोळे! दर वेळी आपला अंदाज चुकतो. चुकल्याचा इतका आनंद दुसऱ्या कुठल्या गोष्टीत होत असेल असं मला वाटत नाही.

असो. ल्युसीचा पुढचा मुक्काम युरिबाटीस, गुरूच्या कक्षेत त्याच्या पुढे चालणाऱ्या लघुग्रहांपैकी एक. १२ ऑगस्ट २०२७, वार गुरुवार. दादा, आदळणार नाहीये, आधीच सांगते. फोटो लगेच येणार नाहीत आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसही आहे. चहा मी करीन. तू फक्त ये.