सामुदायिक वाकळ जुनेरांचीच हवी

सुगी आटोपून भात घरात आले की यंदा धर्मग्रामाच्या वतीने एक मोठी वाकळ शिवावी आणि तीत आपले गावचे जीवन दिसावे, असा विचार पुढे आला आहे. विचार चांगला आहे व आमचा त्याला मनापासून पाठिंबा आहे. परंतु ती कशी शिवायची यासंबंधी जे बेत कानांवर येत आहेत, ते ऐकून चार शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. बाजारातून मखमल व साटीन आणायचे, त्यातून बैलजोडी, नांगर, भाताच्या लोंब्या कातरायच्या, मशीनवर शिवायच्या आणि सभागृहाच्या भिंतीवर काचेत लावायच्या, असे म्हणे ठरत आहे. असे काम शहरातला कोणताही शिंपी आठ दिवसांत करून देईल. शिवाय आपल्या खानापूरच्या पावसात काचेमागे कोंडलेल्या कापडाला बुरशी धरायला कितीसा वेळ लागतो?

आमचे म्हणणे असे, की गावचे जीवन वाकळेवर चितारावे लागत नाही. ते तिच्या कापडातच असते. रोपलावणीच्या चिखलात झिजलेले लुगडे, म्हाताऱ्याचे धोतर, पोराचा शाळेचा सदरा, बाप्तिस्म्याच्या दिवशी नेसलेले पातळ. घरातल्या आजीला विचारा, वाकळेवर नुसता हात फिरवून ती सांगते, हे कोणाचे आणि कोणत्या सालचे. प्रत्येक घराने एक जुनेर द्यावे आणि ती सारी धावदोऱ्याने एकत्र शिवावीत.

याबाबतीत शिकायला लांब जावे लागत नाही. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत व आपल्या खानापूर तालुक्यातही सिद्दी समाज आहे. १९७६ साली कारवार धर्मप्रांत वेगळा झाला, त्याआधी आपण सारे एकाच बेळगाव धर्मप्रांताचे होतो. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या लोकांपैकी जे निसटून घाटावरच्या रानांत आले, त्यांचे पुष्कळ वंशज यांत आहेत. गुलाम करणारेही ख्रिस्तीच होते, हे आपण विसरू नये. सिद्दी बाया जुन्या कपड्यांची कवंदी शिवतात. त्या कडेपासून सुरुवात करतात, धावदोरा घालत चौफेर फिरतात आणि आत आत येत मध्यावर संपवतात. चारही कोपऱ्यांना घडी घातलेली त्रिकोणी ठिगळे लावतात, त्यांना त्या फुले म्हणतात. फुलांवाचून कवंदी उघडीवाघडी दिसते, असे त्या मानतात. कित्येक ख्रिस्ती सिद्दी घरांतील कवंद्यांवर ठिगळांचा क्रूस असतो. अमेरिकेतील कलेचे अभ्यासक हेन्री जॉन ड्रूअल यांनी २००४ च्या सुमारास या बायांबरोबर काम केले आणि पुढे या कवंद्या तिकडच्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या. आपल्याकडे मात्र पाहुणे आले की वाकळ उचलून माळ्यावर टाकतात आणि बाजारचे फुलाफुलांचे ब्लँकेट काढतात.

कडेपासून शिवण्याची रीत आपल्यालाही सोयीची आहे, कारण चार बाजूंना चार घरच्या बाया बसू शकतात. आणि खरी अडचण इथेच आहे, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. पूर्वी कोण कोणाच्या ओसरीवर बसत असे व कोण बसत नसे, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. मिस्सेला आपण एका बाकावर बसतो. परंतु अमक्या वाड्यातल्या घरचे अंगावरचे जुनेर आपल्या घरच्या जुनेराला शिवायचे म्हटले, की काही चेहरे उतरतात. नवी मखमल आणली की हा प्रश्नच उरत नाही. मखमलीचा आग्रह थोडाफार यासाठीही असावा, असा आम्हाला संशय आहे. तो खोटा ठरला तर आम्हाला आनंदच होईल.

यावर स्वच्छतेचे कारण पुढे केले जाते. त्याचे उत्तर सोपे आहे : सगळी कापडे एकाच हंड्यात साबण घालून उकळा आणि दोन्ही बाजूंनी कडक उन्हात वाळवा. खरजेचा किडा माणसाच्या अंगापासून सुटला की दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही, तो उकळलेल्या कापडात कुठून राहणार? कोणाच्या घरी खरूज असेलच, तर वाकळेला दोष न देता घरातल्या सर्वांनी एकाच वेळी औषध लावावे.

घाणीपेक्षा भ्यायचे ते दुसऱ्याच गोष्टीला. पिकावर औषध फवारताना घातलेला सदरा किंवा धोतर वाकळेत मुळीच घालू नये, कितीही धुतलेले असले तरी. खताची व औषधाची पोतीही पोटात भरू नयेत. तान्ह्या मुलांचे तोंड या कापडाला लागते. कापड सुती असावे. पॉलिस्टर घाम टिपत नाही आणि चुलीजवळ ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटते. सूतही जळते, पण असे चिकटत नाही. वर्षाच्या आतील मुलावर जाड वाकळ घालू नये आणि त्याचे तोंड कधीही झाकू नये.

नवे कापड लावायचेच तर आधी दोनदा धुऊन त्याची खळ काढावी. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ कोणी लावत नाही, असे प्रभू येशूने सांगितले आहे (मार्क २:२१). आम्ही हे वाचले होते, तरी एकदा वाकळेला कोरा मांजरपाट लावला. पहिल्याच धुण्यात तो आटला आणि शेजारचे लुगडे हातभर फाटले.

तयार झालेल्या वाकळेचा सणाला लिलाव करावा, अशीही एक सूचना आहे. आम्हाला ती पसंत नाही. ज्याचा मुलगा परदेशात कमावतो त्याच्या दिवाणखान्यात ती जाईल आणि तिथेच राहील. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर सूर्य मावळण्यापूर्वी ते परत करावे, असा नियम निर्गमाच्या पुस्तकात आहे (२२:२६-२७), कारण रात्री त्याच्यापाशी दुसरे काही नसते. आपली वाकळ अशाच घरी जावी : जिथे म्हातारे माणूस अंथरुणाला खिळले आहे, किंवा गेल्या पावसात छप्पर गेले आहे. दर उन्हाळ्यात ती परत मागवून धुवावी, उसवलेले टाके घालावेत, नवे ठिगळ लावावे आणि पुढच्या घरी द्यावी. टाके घालायला मुलींना आजींच्या शेजारी बसवावे. मुलगे बसले तरी हरकत नाही. बाकीच्या पुरुषांनी चहाचे पाहावे.

आजी मोकळ्या आहेत त्या पेरणीपर्यंतच. मृग लागण्यापूर्वी शेवटचा टाका पडायचा, तर कापडे आतापासून जमवली पाहिजेत. दर रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या पडवीत आणून द्यावीत, कोणत्या घरचे ते सांगण्याची गरज नाही. फवारणीचे सदरे तेवढे घरीच ठेवावेत.